टेकडीवर मागे राहिलेला दादा

माझा दादा काश्मीरच्या लढाईत होता तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. आम्ही कलकत्त्यात बागबाजारला राहायचो. वडील तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायचे. दादा बेपत्ता असल्याची तार आली. पुढे पलटणीकडून पत्र आलं, की त्याने एकट्याने टेकडी धरून ठेवली म्हणून अकरा जवान सुखरूप मागे आले. वडिलांनी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पण गेला असं कुठे लिहिलंय?"

तेवढ्यावर ती दोन वर्षं जगली; जेवणही घाईघाईने उरकून दारात येऊन बसायची.

मग एका रविवारी त्या अकरांतला एक जवान आमचं घर शोधत आला. साताऱ्याकडचा. नुकतीच कलकत्त्याला बदली झाली होती. आईने पुढे केलेल्या चहाला त्याने हात लावला नाही.

"सायबांच्या मांडीत गोळी घुसली होती," तो म्हणाला. "उचलाया गेलो, तर मशिनगन सोडंनात. 'पालाओ, पालाओ' म्हणून वरडाय लागले. आमाला कायबी कळंना. मग मराठीत म्हणाले, 'अरे, पळा!'"

वडिलांनी मान खाली घातली. घरात बंगाली बोलतो म्हणून ते दादाला किती रागवायचे!

"आणि मग?" आईने विचारलं.

"वढ्यापातूर बंदूक ऐकू येत होती. म्या मागं वळून बघितलं, अन् तोफेचा गोळा नेमका तितंच पडला. काय ऱ्हायलं न्हाई, माई. हे सांगाया माजं तोंडच उघडलं न्हाई आजवर."

आईने गार झालेला चहा बाजूला सरकवला. मग तिने हळूच विचारलं, "बाकीचे दहा जण बरे आहेत ना?"

तो खाली बघत राहिला. "त्याच्या फुडं म्हैन्याभरात एका पुलापाशी लढताना आठ गेले. एकाचे डोळे गेले. एक गावाकडं हाय, कुनाशी बोलत न्हाई."

"आणि टेकडी?"

"ती दुश्मनाकडंच ऱ्हायली."

तो निघाला तेव्हा मी ट्रामपर्यंत सोडायला गेले. तो पुन्हा कधी आला नाही.

भाद्रपदात वडिलांनी घाटावर दादाचं पहिलं श्राद्ध केलं. आई गेली नाही. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी जेवायला उठवलं, तर म्हणाली, "तू जेव. मला आता कशाची घाई नाही."