चार पिना आणि एक काडी

यात्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचं दुकान असतं, तसं एक दुकान आमचं आहे. माझे वडील, आबा, पिंपळनेरच्या आसपासच्या गावांत यात्रा असेल तिथे ते लावतात. बंदूक एकच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, तीही धुळ्याला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला. मुलीला मेकॅनिकल कशाला, असं काकांनी विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, "तिले आवडस." मला ते आवडतं की नाही हे तोवर मला नक्की माहीत नव्हतं. पण आबांनी परस्पर सांगून टाकल्यावर मागे फिरता येईना.

पहिलं वर्ष संपवून मी घरी आले आणि त्याच आठवड्यात बंदूक बिघडली. भरली की घोडा न ओढताच सुटायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची यात्रा होती. आबांनी बंदूक ओट्यावर माझ्यासमोर ठेवली.

"तू मेकॅनिकलले शे ना? देख."

पहिल्या वर्षात मी लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानशीने घासून सपाट केला होता. सरांच्या मते तोही सपाट नव्हता. हे आबांना सांगायला हवं होतं. पण बंदूक सुधारली नाही तर काकांचंच खरं ठरेल, ही भीती मोठी होती. मी पेचकस मागितला.

मोठ्या स्प्रिंगला हात लावला नाही, तेवढी अक्कल होती. फक्त घोड्याची पेटी काढली. तीन बारीक पिना ठोकून बाहेर काढल्या तर आतले भाग ताटात सांडले. तेल आणि धूळ मिळून आत डांबर झालं होतं, त्यात भरलेली स्प्रिंग अडवून धरणारा आकडा चिकटला होता. रॉकेलने सगळं धुतलं. इथवर मी इंजिनियर होते. पिना परत बसवायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा फुगेवाल्याची मुलगी झाले. पेटीचं भोक, घोड्याचं भोक आणि आकड्याचं भोक एका रेषेत यायला हवं, आणि मधली इवलीशी स्प्रिंग ते येऊ देईना. पिन घातली की उडायची. एकदा ती आईच्या पिठाच्या परातीत पडली.

आईने पिठातून पिन काढली, पदराला पुसली आणि आतून गोधडी शिवायचं दाभण आणलं.

"हाई घाल पहिले. भोकं जमनात का मंग दुसरीकडतीन पिन रेट. दाभण आपोआप निंघी."

तसंच झालं. तिन्ही पिना बसल्या. आई भाकरी थापायला निघून गेली, आणि यश माझ्या एकटीच्या नावावर राहिलं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते, ती मला तिरकी दिसली. तिची पिन काढली तर खाली काडेपेटीच्या काडीचा चपटा तुकडा निघाला. कचरा समजून फेकून दिला. काटकोन तपासायचा गुण्या लावून माशी सरळ उभी केली आणि चौथी पिन ठोकली. आबा बाजारात फुगे आणायला गेले होते. आल्यावर त्यांनी घोडा ओढून पाहिला आणि बंदूक यात्रेच्या सामानात ठेवून दिली. आबांच्या बाबतीत ही शाबासकीच असते.

यात्रेत देवाच्या नावाने बारा बैलगाड्या एकत्र जोडून ओढतात, त्या बारागाड्यांच्या आधी गर्दी आमच्याकडे जमते. त्या गावचे एक नाना दरवर्षी येतात. रंग आधी सांगून फुगा फोडतात. त्यांचा नेम चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

"लाल," नाना म्हणाले. डावीकडचा पिवळा फुटला.

"हिरवा." डावीकडचा निळा फुटला.

"नाना, चष्मा बदला," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. नानांच्या आधी नुकतीच एक शाळकरी मुलगी पाचपैकी चार फोडून गेली होती. नानांनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली.

"हाई कोनी उघाडी व्हती?"

"मन्ही आंडेरनी," आबा म्हणाले. म्हणजे, माझ्या मुलीने.

"तरीच. पोरले मेकॅनिकलले धाडं आनि बंदूक वाकडी करी आनी."

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मी आबांकडे पाहिलं. ते माशीकडे पाहत होते. तिच्याकडे बोट करून त्यांनी मला हळूच विचारलं, "आठे काडी व्हती ना?"

"कचरा होता. फेकला."

आबांनी डोळे मिटले. माशी वाकडी राहावी म्हणून काडी मुद्दाम घातलेली होती, हे मग मला कळलं. इतकी वर्षं लोकांचा नेम का चुकायचा आणि नानांचा का नाही, तेही कळलं. नाना दरवेळी नेम दोन बोटं डावीकडे धरत असणार.

बंदूक बिघडली आहे, एवढं म्हणून आबांना सुटता आलं असतं. दुकान वाचलं असतं. माझ्याबद्दल नाना म्हणाले तेच गावभर झालं असतं.

"नाना, दोष पोरना नही," आबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वाकडी पहिले व्हती. काडी मीच घालेल व्हती. तिनी सरळ करी."

मग कुणीतरी विचारलं, "म्हंजे नाना, तुमले म्हाईत व्हतं?"

नाना खाकरले. उपरण्याने मान पुसली. मग त्यांनी बंदूक माझ्यापुढे धरली.

"सरळ बंदूकले नेम कसा धरतस, तू दखाड."

मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नव्हती. तसं सांगितलं तर ते म्हणाले, "तशी मीबी सरळ चालाडेल नही." म्हणून खांद्याला लावली, एक डोळा मिटला, घोडा ओढला. छरा फुग्यांच्या फळीच्या वरून मागच्या कनातीत गेला.

नानांचा चेहरा खुलला. त्यांनी आबांकडून आणखी दहा छरे मागितले. पाच स्वतःसाठी ठेवले आणि पाच माझ्या तळहातावर मोजून दिले.