कावळ्याच्या माथी मारलेली फांदी

राजारामपुरीतल्या मुलीच्या घरून सकाळीच निघालो. "बाबा, असल्या पावसात गगनबावड्याला काय अडलंय?" तिने विचारलं. मी एसटी गाठली. छत्री स्टँडवरच्या चहाच्या बाकड्यावरच राहिली.

शेजारच्या म्हाताऱ्याने तंबाखू मळत चौकशी केली, "कुणाकडं, पावणं?"

"फांदी पडून धोंडीराम गेला, त्याच्या घरी."

"आत्ता व्हय? कवाचा गेला त्यो! कावळा बसाय आन् फांदी तुटाय एकच गाठ पडली!"

ते वाक्य त्या गावाला मीच दिलं होतं. संस्कृतात अशा योगायोगाला 'काकतालीय' म्हणतात. कावळा ताडावर टेकला, त्याच क्षणी फळ गळालं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आपण मराठीत फळाऐवजी फांदी तोडतो. रस्त्याच्या कामावर साहेब होतो तेव्हा, धोंडीरामच्या पंचनाम्यात, पंचांपुढे मी हेच बोललो, आणि सगळ्यांना पटलं.

घाटमाथ्यावर उतरलो. धुक्यात स्वतःची चप्पल दिसेना. एकच कावळा कुठेतरी ओरडत होता. मी चालेन तसा आवाज पुढे सरके. त्याच्या मागे गेलो, तर धोंडीरामच्याच दारात.

त्याची बायको, आक्का, उंबऱ्यात बसली होती. "सकाळधरनं वरडतोय. म्हटलं, कोण पावणं येतंय. बसा."

तिने तांदळाची भाकरी, पिठलं वाढलं. मी भाकरी मोडली नाही.

"आक्का, ती फांदी मी आदल्या दिवशी कापायला लावली होती. शिवाजी पेठेतल्या तालमीच्या संघाची फुटबॉलची फायनल मला बघायची होती, म्हणून अर्धी कापून तशीच सोडली. पंच यायच्या आत करवतीची खूण मीच कुऱ्हाडीने तासली. कावळा तिथे नव्हताच."

तिने चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं.

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवला न्हाई. शेवटी दर्भाचा करून टेकवला. भावकी म्हणाली, बायकूनंच कायतरी दुखवलं आसंल. जलमभर हुडकत बसले की मी, काय दुखवलं ते." ती उठली. "चला. समद्यांम्होरं सांगा."

देवळापुढे भावकी जमली. सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. आक्काने पदराखाली आणलेली माझी ती अख्खी भाकरी देवळाच्या कुंपणावर ठेवली. धुक्यातून कावळा उतरला, चोच लावली. त्यानंतर तो ओरडला नाही.

परतीच्या एसटीत 'योगायोग' हा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला. दुसऱ्याच्या मरणावर पांघरूण घालायला मी तो फार वापरला.

अंधारून येताना घरी पोचलो. मुलगी गॅलरीकडे बघत म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून कावळा ओरडतोय, बाबा. कोणी यायचंय का?"

मी धोंडीरामच्या नावाने एक ताट जास्त मांडायला सांगितलं.