आवाज खाली आणण्याचा सराव

बुधवार, सकाळचे सात वाजून बारा मिनिटे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात गुरुशांत कलशेट्टी दोन मागांच्या मध्ये उभे आहेत आणि त्यांचे ओठ हलत आहेत. आवाज येत नाही. आला असता तरी कोणाला ऐकू गेला नसता, कारण शेडमधले सगळे माग एकाच वेळी चालू आहेत. धोट्यातली सुताची कांडी संपली की ते नवी घालतात, तुटलेला धागा गाठ मारून जोडतात आणि पुन्हा ओठ हलवू लागतात.

पलीकडच्या मागावर मल्लप्पा आहेत. तिथून ते गुरुशांत यांचे ओठ वाचतात. मागावर वर्षे काढलेल्या माणसांना हे वेगळे शिकावे लागत नाही. दिवसभराचे बोलणे, चेष्टा, शिव्या, सगळे असेच चालते. मल्लप्पा हात वर करून त्यांना थांबवतात आणि नुसत्या तोंडाच्या हालचालीने विचारतात, "धुन्याचं कुटं गेलं?"

गुरुशांत कपाळाला हात लावतात. चादर कशी धुवावी, ते वाक्य राहून गेले आहे. पुन्हा पहिल्यापासून.

"लगीन झाल्यापास्नं मी गप बसायला शिकतोय," मल्लप्पा म्हणतात, "आन् तू आता बोलायला शीक."

गुरुशांत सेहेचाळीस वर्षांचे आहेत. अठराव्या वर्षी ते अक्कलकोट तालुक्यातल्या गावाहून मागावर आले. त्यांचा डावा कान जवळजवळ गेला आहे. दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की उजवा कान अजून बराच शाबूत आहे, पण तो टिकवायचा असेल तर मागाच्या आवाजापासून लांब जावे लागेल. कापसाचे बोळे घालून भागणार नाही. गुरुशांत यांनी मान हलवली, बाहेर येऊन सायकलचे कुलूप काढले आणि दुपारपर्यंत कामावर परतले. त्या दिवशी काय वाटले, असे विचारले तर ते म्हणतात, "काय वाटायचंय? काम होतं."

मागाशिवाय दुसरे काम त्यांना येत नव्हते. काम समोर आले ते बसप्पा हत्तुरे यांच्यामुळे. बसप्पा व्यापारी आहेत. कारखान्यातून माल उचलतात आणि गावोगाव मंगल कार्यालये भाड्याने घेऊन चादर-टॉवेलचे सेल लावतात. त्यांच्या सेलमध्ये एक माणूस उंच पाटावर उभा राहून चादरी उलगडून दाखवतो आणि बोलत राहतो. आधीचा बोलणारा सोडून गेला होता. माल उचलायला आलेल्या बसप्पांनी फाटकाजवळ विचारले, "चादरीतलं कळनारा कोन हाय का रे, जरा बोलता येनारा?" गुरुशांत यांनी त्यांचे ओठ पाहिले आणि हात वर केला. रविवारी शहरातल्याच जुळे सोलापूर भागातल्या मंगल कार्यालयात सेल होता. तिथे एक दिवस उभे राहून दाखवायचे, जमले तर पुढच्या आठवड्यापासून त्यांच्याबरोबर बाहेरगावी जायचे, असे ठरले. कानाविषयी बसप्पांनी विचारले नाही. गुरुशांत यांनी सांगितले नाही.

बोलायचे काय, ही अडचण नव्हती. चादरीबद्दल ते कितीही बोलू शकत होते. अडचण आवाजाची होती. मागावरचा माणूस बाहेर आला तरी ओरडूनच बोलतो. त्यात स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसेल, तर तो किती मोठा आहे हे त्याला कळायचा मार्गच नसतो.

म्हणून घरी संध्याकाळी सराव सुरू झाला. घर म्हणजे एक खोली आणि पुढे स्वयंपाकाची जागा. पत्नी महेश्वरी टॉवेलच्या कडा शिवून देण्याचे काम करतात. त्या मशीन बंद करून समोर बसायच्या आणि गुरुशांत भिंतीशी उभे राहून अंथरुणातली चादर हातात घ्यायचे. घरात कानडी बोलतात, पण गिऱ्हाईक मराठी असणार म्हणून हा सराव मराठीत.

"बघा ताई, बघा दादा! ही चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. इकडं मोर, तिकडंबी मोरच, रंग तेवढा अदलाबदल होतो..."

"नको म्हनलं की मला चादर!" भिंतीपलीकडून शेजारच्या राजाबाई ओरडल्या. "माझ्याच घरात चार हायती!"

गुरुशांत यांना ते ऐकू आले नाही. महेश्वरी हसल्या, तेव्हा कळले.

"मेल्लग री, मेल्लग," महेश्वरी कानडीत म्हणाल्या. त्यांनी तळहात जमिनीकडे दाबला. हात खाली म्हणजे आवाज खाली. हात वर म्हणजे थोडा वाढवा. हात स्थिर म्हणजे बरोबर.

पहिले काही दिवस हात खालीच होता आणि राजाबाई रोज उत्तर देत होत्या. एकदा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "गुरुशांत, मोराला जरा झोपू द्या की ओ. आमच्या ह्यांची पाळी रातची हाय." मग आवाज इतका उतरला की महेश्वरींना समोर बसूनही कळेना आणि हात वर गेला. हळूहळू गुरुशांत यांनी खूण धरली. योग्य आवाजात बोलताना छातीच्या मधोमध थोडेसे हलल्यासारखे वाटते, त्याहून जास्त वाटले की आवाज मोठा. ते बोलताना एक बोट शर्टाच्या गुंडीवर ठेवू लागले. राजाबाईंचे उत्तर येणे बंद झाले.

मग महेश्वरी प्रश्न विचारू लागल्या. गिऱ्हाईक विचारेल ते. रंग जातो का? डबल बेडला पुरते का? भावात काही कमी होईल का? तीन प्रश्न, नेहमी याच क्रमाने. गुरुशांत त्यांच्या ओठांकडे बघत, आणि पुढे पुढे बघायचीही गरज उरली नाही. पहिले उत्तर, दुसरे उत्तर, तिसरे उत्तर. शनिवारी सगळे एकदाही न अडखळता पार पडले. "झालं," महेश्वरी म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

रविवारी अकरा वाजता कार्यालय उघडले. बसप्पा मागच्या बाजूला बिलाच्या टेबलाशी बसले. गुरुशांत इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर चढले, बोट गुंडीवर ठेवले आणि सुरुवात केली.

आवाज बरोबर लागला. पुढचे लोक मागे सरकले नाहीत, मागचे पुढे आले. त्यांनी चादर एका झटक्यात उलगडली, मोर दाखवला, उलटी करून पुन्हा मोर दाखवला. एका आजोबांनी दोन चादरी बाजूला काढल्या. बसप्पांनी बिल लिहिताना मान वर करून पाहिले.

साडेअकराच्या सुमारास स्कूटरवरून एक तरुण बाई आली. उन्हासाठी तिने डोके आणि तोंड ओढणीने गुंडाळले होते. सोलापुरात मार्चपासून निम्म्या बायका अशाच दिसतात. डोळे तेवढे उघडे. ती चादरीवर वाकली आणि काहीतरी विचारले. गुरुशांत यांना ओढणी हललेली दिसली.

"पहिल्या धुन्यात थोडा जाईल, ताई. मग जानार न्हाय."

"काय जाईल?" ती म्हणाली. "मी विचारतेय, सिंगलमध्ये आहे का?"

"डबल बेडला पुरती. दोन्ही बाजूंनी खाली सुटती."

लोक हसले. गुरुशांतही हसले, कारण सगळे हसत होते.

"अहो काका, मला डबल नकोय! सिंगल, सिंगल!"

"त्यात कमी होनार न्हाय, ताई. भाव एकच."

आता हसणे मोठे झाले. कोणीतरी म्हणाले, "काका लई पोचलेले हायत." बाईने चादर टाकली. "विकायची नसेल तर उभे कशाला राहता?" असे म्हणून ती निघून गेली. गुरुशांत यांनी पुढची चादर उलगडली आणि मोरापासून सुरुवात केली.

मागून बसप्पांनी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला सगळे कार्यालय बसप्पांकडे बघू लागले, एकटे गुरुशांत सोडून. मग बसप्पा उठून पाटासमोर आले.

"कवापास्नं?"

"डावा गेलाय," गुरुशांत म्हणाले. "उजवा हाय अजून."

"मला सांगायचं की रे."

"सांगितलं असतं तर हुबं केलं असतंत का, अण्णा?"

बसप्पांनी चहा मागवला. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी काहीतरी ठरवले होते. ते गुरुशांत यांना मागच्या खोलीत घेऊन गेले, दार लावले आणि खिशातून मोबाइल काढला.

"सगळं परत एकदा बोल. पयल्यापास्नं. प्रश्न-बिश्न सोड, नुसतं बोल."

गुरुशांत बोलले. बोट गुंडीवर होते. धुण्याचे वाक्य राहिले नाही. बसप्पांनी ते मोबाइलमध्ये घेतले, एकदा कानाला लावून ऐकले आणि बाहेर येऊन स्पीकरला जोडले. कार्यालयातल्या लोकांनी माना वळवल्या. गुरुशांत यांना त्यावरून समजले की आवाज सुरू झाला आहे. स्पीकरजवळ जाऊन त्यांनी उजवा कान पुढे केला. "कुनाचाबी वाटतोय," ते म्हणाले.

"ब्येस लागलाय आवाज," बसप्पा म्हणाले. "लातूरला ह्योच लावतो."

"मग माझं?"

"बोलन्याचं काम झालं की रे. हितं आता गिऱ्हाईक काय म्हनतंय ते ऐकनारा लागतोय." बसप्पांनी ते नीट तोंडासमोर येऊन, सावकाश सांगितले. त्यांनी एक चादर कागदात गुंडाळून गुरुशांत यांच्या हातात दिली. गुरुशांत यांनी ती घेतली. ती त्यांच्याच कारखान्यातली होती.

ते दीड वाजता घरी पोचले. महेश्वरी मशीनवर होत्या. त्यांनी मशीन थांबवून त्यांच्याकडे तोंड केले. "काय झालं?"

"आवाज बरोबर लागला," गुरुशांत म्हणाले. मग बाकीचे कानडीत सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही. महेश्वरींनी दोन-तीन गोष्टी विचारल्या. सिंगलचा प्रश्न आपल्याला कसा सुचला नाही, असे त्या म्हणाल्या. नंतर दोघे जेवले. बसप्पांनी दिलेली चादर ट्रंकेत गेली.

दुपारी मल्लप्पा येऊन गेले. काय झाले ते त्यांना दारातूनच कळले असावे, कारण त्यांनी विचारले नाही. त्यांनी पाळीच्या मुकादमाचा, म्हणजे जॉबरचा, निरोप आणला होता. "जॉबर म्हनत होता, तुज्या जागी दुसरा बघू का. मी म्हनलं, थांब. काय सांगू त्याला?"

"येतोय म्हनून सांग."

"उजव्या कानाचं?"

गुरुशांत यांनी खांदे उडवले. मल्लप्पा थोडा वेळ बसले, पाणी प्यायले आणि गेले.

उद्या सोमवार. कारखान्याचे फाटक पावणेसातला उघडते. पहिली पाळी सातला सुरू होते आणि मधल्या रांगेतल्या दोन मागांवर जॉबरने गुरुशांत कलशेट्टी यांना धरले आहे.