बहिणीचा उपास
गरम इस्त्रीखालच्या खळीचा वास आला की मला पालघरचं शिंप्याचं दुकान आठवतं. मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. ईस्टरनंतर धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि तिचा पांढरा झगा कमरेत बसेना. दुकानात सगळ्यांदेखत मी हसत म्हणालो, “ए ढोली, चाळीस दिवस उपास धर. देव पण खूश, झगा पण बसंल.” ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारपासून ती एकवेळच्या पेजेवर राहिली. लोक तिची भक्ती वाखाणत आणि मीही मान डोलवत असे. एका शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट ही उपासकाळातली प्रार्थना करताना गुडघ्यांवरून उठता उठता ती कोसळली. फादरांनी पाणी पाजून विचारलं, “पोरी, एवढा उपास कोणासाठी?” माझ्याकडे बघून ती म्हणाली, “देवासाठी, फादर. दुसरं काय नाय.” शिंप्याने शेवटी शिवण उसवून झगा रुंद करून दिला. काम अर्ध्या तासाचं होतं. ईस्टरआधी पापकबुलीत मी दारू सांगितली, शिव्या सांगितल्या. देवाने घडवलेल्या तिच्या देहाला मी नावं ठेवली, हे सांगितलं नाही. आता ती पन्नाशीत आहे, आणि घरचा फोटो काढायचा झाला की अजूनही सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहते.