रिक्षा बारा, मार्क एक

“सर, हिला चारपैकी चार कसे दिले?”

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, पेपर टेबलावर आपटला. नववीचा वार्षिक पेपर, बीजगणित. मुलगी प्रज्ञा, असल्फ्याला राहणारी. गणितात नेमकी काठावर पास.

प्रश्न नेहमीचाच होता. स्टँडवर सायकली आणि रिक्षा मिळून वीस गाड्या, चाकं बावन्न. रिक्षा किती? पुस्तकाची पद्धत अशी की रिक्षा x धरायच्या, सायकली y, दोन समीकरणं मांडायची आणि सोडवायची. अर्धं पान जातं. प्रज्ञानं तीन ओळींत संपवलं होतं. सगळ्या सायकलीच समजू, चाळीस चाकं झाली. बारा उरली. रिक्षाला सायकलीपेक्षा एकच चाक जास्त, म्हणून रिक्षा बारा. झकास! मी खूश होऊन चार मार्क दिले होते.

“उत्तर बरोबर आहे, मॅडम. विचारही बरोबर आहे.”

“मॉडेल आन्सरमध्ये असं आहे का? x कुठाय? y कुठाय? उत्तराचा एक द्या फक्त.”

“तीन मार्क गेले तर ती नापास होते, मॅडम.”

“मग होऊ दे ना! दहावीला आपटली तर शंभर टक्के निकालाचं काय? गेटवर बॅनर कुठल्या तोंडानं लावू मी? सतरा नंबर भरेल ती.”

सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. तो भरलेलं पोर शाळेच्या निकालात धरलं जात नाही. म्हणून काठावरची पोरं नववीतच गाळायची. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून गप्प होते.

मीही. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कच्च्या नोकरीवर, माझी तीन वर्षं संपत आली होती. पक्का व्हायला बाईंचा शेरा लागणार होता. त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही, गरजच नव्हती. मी लाल पेन काढलं, चारवर काट मारली, एक लिहिला, बाजूला सही केली.

निकालानंतर प्रज्ञा वडिलांना घेऊन आली. ते रिक्षा चालवतात. त्यांनी पेपर मागितला आणि उभ्यानंच वाचला.

“सर, बारा रिक्षा चुकलंय का?”

“नाही. पण पद्धत पुस्तकातली नाही.”

“म्हणजे उत्तर बरोबर, आणि पोरगी नापास?”

“नियम असतो हो,” मी म्हणालो. कसला नियम, डोंबलाचा!

प्रज्ञा म्हणाली, “सर, वर्गात मी असंच सोडवलेलं. तुम्ही सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. परीक्षेतपण असंच डोकं चालवा, म्हणाला होतात.”

खरं होतं. काट मारतानाही मला ते आठवत होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. वडिलांना म्हणालो, “दाखला क्लार्ककडे मिळेल.” पेपर त्यांच्या हातातून परत घेतला. तो घ्यावाच लागतो.

प्रज्ञा बाहेरून बसली आणि पास झाली, गणितात साठ मिळवून. तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं, मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बघा, सतरा नंबरनं काही बिघडलं का तिचं?” शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. बॅनरवर गणित शिक्षक म्हणून माझाही फोटो होता, टाय लावून. तोवर मी पक्का झालो होतो. लाज वाटली, पण बॅनर उतरवा म्हणायची हिंमत झाली नाही.

आता वर्गात एखादं पोर विचारतं, “सर, उत्तर असंच दिसतंय ना, मग x धरायलाच पाहिजे का?”

मी सांगतो, धर बाबा. उत्तराला त्याची गरज नसते. पण माझ्यासारखा कोणी पेपर तपासायला बसला, तर त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून धर.