फोटोतलं चेडू

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण फिर्यादी बाईंना फिर्यादच द्यायची नव्हती.

करी रोडच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या मावशी, मूळ मालवणकडच्या. एका संस्थेतून त्यांना फोन आला होता: लहान मुलीचं हृदयाचं ऑपरेशन पैशांअभावी अडलंय. मोबाइलवर मुलीचा फोटोही आला. मावशींनी पैसे पाठवले आणि पेजेचा डबा घेऊन सांगितलेलं रुग्णालय गाठलं. त्या नावाची मुलगी तिथे नव्हतीच. तशाच त्या आमच्या पोलीस ठाण्यात आल्या; तेव्हा मी तिथे तपास अधिकारी होतो.

"मावशी, तुमची फसवणूक झालीय. तक्रार द्या," मी म्हणालो.

"पैशे गेले तर जाऊंदेत. ता चेडू खय आसा, ता सांगा माका." त्यांना फक्त ती मुलगी कुठे आहे, एवढंच हवं होतं.

समजूत घालून जबाब घेतला. फोन क्रमांकावरून चिंचपोकळीतल्या एका गाळ्याचा माग लागला. छापा घातला, तेव्हा काही तरुणी हेडफोन लावून लोकांकडे देणग्या मागत होत्या. चालकाला ठाण्यात आणलं. तो निवांत होता.

"साहेब, ट्रस्ट रजिस्टर्ड आहे. देणगी मागणं गुन्हा आहे का?"

नव्हता. खोटं सांगून मागणं गुन्हा होता, आणि ते खोटं आम्हाला सिद्ध करायचं होतं. मुलीबद्दल विचारलं की तो म्हणे, "बरी होऊन गावी गेली."

मावशी मात्र घरी बसल्या नव्हत्या. परळच्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या नातेवाइकांना तो फोटो दाखवत त्या फिरत होत्या. एका दुपारी एका माणसाचा हात धरूनच ठाण्यात आल्या. तो मुलीचा बाप होता. मुलगी दुसऱ्याच रुग्णालयात, तिच्या खऱ्या नावाने दाखल होती; संस्थेने सांगितलेलं नाव खोटं होतं.

"ट्रस्टवाल्यांनी मदत मिळवून देतो म्हणून फोटो काढून नेला," तो म्हणाला. "परत कुणी फिरकलंच नाही."

बापाला चालकासमोर बसवलं. 'गावी गेली' हे चालकाचं खोटं तिथेच उघडं पडलं. फोन करणाऱ्यांपैकी जबाबाला बोलावलेली एक तरुणी रडू लागली. "सर, आम्हाला वाटायचं पैसे पोचतात." पुढे तिचीच साक्ष कामी आली.

संस्थेचं खातं गोठवलं. बापाने विचारलं, "माझ्या पोरीच्या नावावर आलेले पैसे, मग तिला का नाही?" ते देणगीदारांचे होते, कोर्टाच्या हुकुमाशिवाय हात लावता येत नव्हता. कायदा बरोबर होता, तरी त्याच्याकडे बघून सांगणं जड गेलं. शेवटी मावशींनीच त्याला सोबत घेऊन चाळीची दारं वाजवली. वर्गणी जमली, ऑपरेशन झालं.

फसलेल्या माणसाला आपण पटकन भोळा म्हणतो. मीही म्हणायचो. निवृत्तीनंतर आता मलाही असे फोन येतात. मी आधी रुग्ण कुठे आहे, तो पत्ता विचारतो. बहुतेक जण फोन ठेवतात. जो सांगतो, त्याने दिलेल्या पत्त्यावर मावशींसारखा जाऊन येतो.