फुफीचा रडायचा खेळ

हंसाफुफी म्हणजे बापूंची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवऱ्याचं घर तिला लाभलं नाही, मूलबाळ झालं नाही, म्हणून पांढरकवड्याजवळच्या आमच्या तांड्यात ती भावाकडे आली ती कायमची. तांड्यात सगळे तिच्या जिभेला वचकून असत. पण बैलबंडीत बसलो की आम्हा पोरांना तिच्याशिवाय दुसरं कोणी चालायचं नाही.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. कापसाची वेचणी आटोपली की आम्ही ढाणकीला मामाकडे जायचो. बैलांच्या चालीने चार-पाच दिवसांची वाट. पहिल्याच दुपारी आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरायचो. आमचे पणजोबा म्हणे बैलांवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्यांची पोरं वाटेत कशी गप्प बसत कोण जाणे, आमच्यात तो गुण उतरला नव्हता. बापू मागे न वळताच ओरडायचे, "बाई, आवर या पोट्ट्यायले. नाई तर साऱ्यायले पायी चालवतो."

मग फुफी खेळ मांडायची. आमच्यात नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. पोरींना तो लग्नाआधी शिकवावा लागतो, कारण नवरीला ढावलो आला नाही तर आईची अब्रू जाते. फुफीने तो आम्हाला बंडीतच शिकवला, पण माणसांसाठी नाही. बाभळीसाठी, मैलाच्या दगडासाठी, आर्णीच्या नदीसाठी. दगड दिसला की एकीने डोक्यावरून पदर घेऊन सूर लावायचा, "दगडा रे, मी चालली, आता तुले चुना कोन लावन?" नियम एकच, जो हसेल तो हरला. शेवटपर्यंत न हसेल त्याला फुफीच्या घागऱ्याला शिवलेली कवडी मिळणार होती. ती कधीच कोणाला मिळाली नाही. फुफी असं काही तोंड करून रडायची की आमची हसून मुरकुंडी वळायची, आणि ही बया आपली सुतकी चेहऱ्याने बसलेली. लबाड होती.

माझी थोरली बहीण धनी या खेळात सगळ्यांत तरबेज. एकदा तिने डाव्या बैलाच्या शेपटीसाठी ढावलो गायला, तेव्हा हसण्याच्या नादात बापूंनी बंडी चाकोरीबाहेर घातली. त्याच दिवशी फुफी मधेच म्हणाली, "मले पोरगी नाई. माह्या गळ्यात पडून कोन रडन?"

"मी रडीन नं, फुफी," धनी म्हणाली. आम्ही बाकीच्या हसलो. फुफी हसली नाही, पण तेव्हा ती खेळत नव्हती.

चौसष्ट साली धनीचं लग्न झालं, नेरकडच्या तांड्यात दिली तिला. फुफी त्या दिवसाची किती वाट पाहत होती ते मला माहीत आहे. कितीतरी दिवस आधीपासून ती आपल्या जुन्या चोळीचे आरसे घासत बसायची. निरोपाची वेळ झाली. ट्रक येऊन उभा राहिला. धनी याडीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, गळ्यात पडली, सूर लावला आणि तिला हसू फुटलं. दाबलं तर नाकातून आलं. बापूंच्या गळ्यात पडली, पुन्हा तेच. तिचा तरी काय दोष? तिने जन्मभर ढावलो गायला तो मैलाच्या दगडापुढे. नवरदेवाकडच्या बायका कुजबुजायला लागल्या. याडीचं तोंड उतरलं. तेवढ्यात आमच्याकडचीच रामीकाकू भर मांडवात म्हणाली, "हे हंसाबाईचं शिकवनं. जिले लेकरू नाई, तिले पोरगी धाडाचं दुख काय मालूम?"

त्या काकूचा मला आजही राग येतो. एरवी फुफीने तिला सोलून काढलं असतं. त्या दिवशी मात्र फुफी उठली आणि मांडवामागे आमची बंडी सोडलेली होती, तिथे जाऊन बसली.

धनीला ट्रककडे नेत होते. तिने बायकांचे हात सोडवले आणि सरळ बंडीकडे चालू लागली. मी मागे धावले. बंडी पाहून हिला आता आणखीच हसू येणार, असं मला वाटत होतं. धनी फुफीच्या गळ्यात पडली.

"जाय वं," फुफी म्हणाली, "लोक पाहून राह्यले."

धनीने सूर लावला. "फुफी वं, मी चालली. आता दगडायसाठी कोन रडन? आता मी कोनाच्या मांडीवर झोपू?" आणि पुढे तिचा आवाजच फुटेना. हसू आलंच नाही. ती इतकी रडली की याडी धावत आली, मग याडीच्या गळ्यात पडून रडली, बापूंच्या पडली. रामीकाकूलासुद्धा तिने सोडलं नाही, काकूचेही डोळे गळायला लागले.

फुफी तेवढी हसत होती. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू. "हारली मी," ती म्हणाली, घागऱ्याचा दोरा दाताने तोडला आणि कवडी धनीच्या मुठीत कोंबली.